तीन चकत्यांची हाताची फूड मिल: परसातल्या टोमॅटोसाठी घेण्याजोगी आहे का?

परसातला टोमॅटो आपल्या सोयीने पिकत नाही. रोमासारख्या बुटक्या, ठरावीक वाढीच्या जाती दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ सगळं पीक देऊन मोकळ्या होतात आणि त्या काळात एकेका तोडणीला पाच-सात किलो टोमॅटो ओट्यावर येऊन पडतात. भूमध्य समुद्राकाठच्या स्वयंपाकात याचं सरळ उत्तर आहे: पासाटा, म्हणजे साल आणि बिया काढलेला टोमॅटोचा गाळीव गर. तो एकदा करून ठेवला की पास्ता, भाजलेली वांगी, चवळीच्या किंवा चण्याच्या रस्सेदार भाज्या, माशाचं सूप, सगळ्याची निम्मी तयारी झालेली असते. प्रश्न एवढाच की गर काढायचा कशाने. मिक्सर, गाळणी, स्क्रूचं टोमॅटो यंत्र आणि हाताची फूड मिल असे चार पर्याय आहेत. इथे परीक्षण फूड मिलचं आहे: स्टेनलेस स्टीलची, दोन लिटरच्या आसपासची, बदलता येणाऱ्या तीन चकत्यांची. घरच्या बागेच्या मापाला चारांत हीच सगळ्यात योग्य आहे असं माझं ठाम मत आहे, पण काही कामांना तिला हात लावू नये, तेही पुढे येईलच.

रचना साधी आहे. वर उतरत्या कडांचं भांडं, तळाला भोकांची चकती, चकतीवर तिरकं बसणारं पातं आणि ते फिरवायला दांडा. ज्यांनी पुरणयंत्र फिरवलं आहे त्यांना हात कसा चालवायचा ते शिकवावं लागणार नाही. पातं तिरकं असल्यामुळे शिजलेला गर चकतीवर दाबला जातो आणि भोकांतून खाली पडतो. साल आणि बिया वरच राहतात. दांड्याच्या टोकाला चकतीखाली एक लहान पट्टी असते, ती खाली चिकटलेला गर खरवडून पाडते. फ्रान्समध्ये झाँ मांत्ले यांनी १९३२ साली अशी भाज्यांची हातगिरणी काढली आणि पुढे मूलिनेक्स ही कंपनी त्यावरच उभी राहिली. मूळ कल्पनेत आजही फारसा बदल झालेला नाही, कारण तिला बदलाची गरजच पडली नाही.

मिक्सर हे काम करत नाही का? करतो, पण वेगळं. मिक्सरचं पातं साल आणि बिया कापून गरातच मिसळतं. बिया चिरल्या की त्यांचा तुरटपणा सॉसमध्ये उतरतो. शिवाय वेगाने फिरताना हवा शिरते, त्यामुळे गडद लाल गर फिकट नारिंगी, फेसाळ होतो. फेस शिजवताना बराचसा बसतो. तुरटपणा मात्र जात नाही. मिल कापत नाही, दाबून वेगळं करते. तिची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

गाळणी आणि डावाच्या पाठीने हेच काम होतं आणि एक किलोपर्यंत तेच करावं. दोन किलोपुढे मनगट भरून येतं आणि मग घाईत निम्मा गर सालीबरोबर टाकला जातो. उलट बाजूला, एका वेळी दहा-पंधरा किलोच्या वर टोमॅटो निघत असतील तर स्क्रूचं यंत्र घ्या. त्यात साल एका तोंडाने आणि गर दुसऱ्या तोंडाने सतत बाहेर पडत राहतो, थांबावं लागत नाही. पण ते जुळवायला आणि धुवायला लागणारा वेळ चार किलोसाठी परवडत नाही. मिलची जागा या दोन्हींच्या मधे आहे.

विकत घेताना सगळ्यात आधी पातं आणि चकती यांच्यातली फट बघा. चकती बसवा, पातं लावा, डोळ्याच्या रेषेत धरून हळू फिरवा. पात्याची कड पूर्ण फेरीत चकतीला टेकलेली राहिली पाहिजे. एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी उचलते, असं दिसलं तर ती मिल घेऊ नका, बाकी सगळं कितीही चांगलं असो. साल त्या फटीत अडकते, पातं तिच्यावरून घसरत राहतं आणि तुम्ही नुसता दांडा फिरवत बसता. पात्याला दाब देणारी स्प्रिंग घट्ट हवी. बोटाने पातं वर उचललं तर सोडताच ते खटकन खाली बसलं पाहिजे.

नंतर चकत्या. भोकं साधारण १ ते १.५ मिलिमीटर, २.५ ते ३ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटर अशी असावीत. टोमॅटोची बी चपटी असते आणि कडेवर उभी राहिली की मधल्या चकतीतून सहज निसटते, म्हणून बिनबियांच्या गरासाठी बारीकच चकती लागते. काही स्वस्त संचांत सगळ्यात बारीक चकतीच २ मिलिमीटरच्या वर असते; टोमॅटोसाठी तो संच कामाचा नाही. मधली चकती बटाटा, भोपळा आणि डाळींसाठी. मोठी चकती क्वचितच वापरात येते, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

धातू स्टेनलेस स्टीलच असावा, चकतीसुद्धा. कल्हईचा लोखंडी पत्रा कल्हई उडाली की गंजतो आणि नुसत्या ॲल्युमिनियमला टोमॅटोचं आम्ल लागलं की गराला धातूची चव येते. प्लास्टिकच्या भांड्याला लाल रंग बसतो तो निघत नाही. हा रंग लायकोपिनचा, आणि लायकोपिन पाण्यात नव्हे तर तेलात विरघळतं, म्हणून साबणाआधी तेलाचा बोळा फिरवला तर थोडाफार उतरतो. भांड्याखालचे अडकवायचे हुक किंवा पाय तुमच्या पातेल्याच्या तोंडावर बसतात का, हेही मोजून घ्या. पातेलं जास्त रुंद असेल तर मिल एका हाताने धरून दुसऱ्याने फिरवावी लागते आणि पाच किलोच्या कामात तीच गोष्ट सगळ्यात जास्त दमवते.

आता वापर. मिलबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर मिलच्या नसतात, आधीच्या शिजवण्याच्या असतात. कच्चा टोमॅटो मिलमध्ये घातला तर तो पात्यापुढे गोल गोल पळत राहतो. आणि टोमॅटो चिरून तासभर ठेवला, मग सावकाश गरम केला, तर गर पातळ होतो: बरणीत तळाशी पाणी आणि वर लगदा असे दोन थर दिसतात. कारण असं की टोमॅटो चिरला की त्यातली एन्झाइम्स मोकळी होतात आणि गराला दाटपणा देणारं पेक्टिन तोडायला लागतात. कोमट तापमानाला ती जोरात चालतात. ८५ अंश सेल्सियसच्या वर नेलं की निकामी होतात. म्हणून चिरल्यापासून उकळेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका गर दाट.

पाच किलो टोमॅटोसाठी रीत अशी. पूर्ण पिकलेले, देठाजवळ हिरवट-पिवळा भाग नसलेले टोमॅटो घ्या. कडक उन्हाळ्यात, तापमान ३० अंशांच्या पुढे राहिलं की लाल रंग नीट तयार होत नाही आणि खांदे पिवळे, कडक राहतात. ते कापून टाका, मिलमध्ये तो भाग दबत नाही. जाड बुडाचं रुंद पातेलं मोठ्या आचेवर ठेवा. त्यात आधी फक्त एक किलो टोमॅटो चिरून घाला, डावाने दाबून रस सोडवा आणि खळखळून उकळी आणा. मग उरलेले टोमॅटो चिरत चिरत थोडे थोडे घाला, उकळी मोडणार नाही अशा बेताने. सगळे पडल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. साल गुंडाळी होऊन सुटायला लागली की थांबा. याहून जास्त शिजवलं तर साल मऊ पडून तिचे तुकडे चकतीतून खाली येतात.

इथे लगेच मिलकडे वळू नका. शिजलेले टोमॅटो चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. जो पातळ, जवळजवळ पारदर्शक रस खाली पडतो तो वेगळा ठेवा. भात किंवा सूप शिजवायला तो पाण्याऐवजी वापरता येतो. हा रस आधीच काढल्यामुळे पुढे सॉस आटवण्याचा बराच वेळ वाचतो आणि कमी आटवलेल्या सॉसला ताज्या टोमॅटोची चव राहते.

मिल अर्ध्याच्या वर भरायची नाही. दोन डाव गरम गर घाला, पंधरा-वीस फेऱ्या पुढे, मग एक-दोन फेऱ्या उलट. उलट फिरवल्याने चकतीवर दाबून बसलेली साल उचलली जाते आणि भोकं मोकळी होतात. ही उलटी फेरी टाळली की दांडा जड होतो, माणूस जोर लावतो आणि पातं वाकतं. किलोभर टोमॅटो झाले की साचलेला चोथा काढून बाजूला ठेवा. सगळं संपल्यावर तो सगळा चोथा एकत्र करून पुन्हा एकदा मिलमधून काढा. या दुसऱ्या फेरीला निघणारा गर थोडाच असतो, पण सगळ्यात दाट तोच. सालीलगतचा भाग त्यात येतो. शेवटी उरणारा चोथा हाताने दाबला तर थेंब पडू नये, इतका कोरडा हवा. पाच किलो गराळ टोमॅटोंपासून निथळलेला रस सोडून साधारण तीन लिटर पासाटा मिळतो. सॅलडच्या मोठ्या रसाळ टोमॅटोंपासून यापेक्षा बराच कमी.

साठवणीबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर डब्यात वर दोन सेंटिमीटर जागा सोडा, कारण गोठताना गर फुगतो. बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यात बंद करायचा तर अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालायलाच हवा. टोमॅटोचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या आसपास, कधी वर कधी खाली असतो आणि ४.६ च्या वर बोट्युलिझमचा, म्हणजे बंद बाटलीत वाढणाऱ्या जिवाणूंच्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. बाटलीतला रस सांगितला जातो तो त्याची आम्लता ठरलेली असते म्हणून. ताज्या लिंबाची कमी-जास्त होते. अर्ध्या लिटरच्या बाटलीला समुद्रसपाटीजवळ ३५ मिनिटं उकळत्या पाण्यात, उंचावर राहत असाल तर त्याहून जास्त. बाटलीत लसूण, तेल, मिरची काही घालू नका. ते सॉस करताना घालायचं.

सॉसही अगदी थोडक्यात होतो. ४०० ग्रॅम पास्त्याला ५०० मिलिलिटर पासाटा, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, ठेचलेली लसणाची एक पाकळी. लसूण कोमट तेलात टाका, रंग बदलायच्या आत पासाटा ओता, पंधरा मिनिटं मंद उकळा, मीठ घाला आणि आच बंद केल्यावर बेसिलची पानं हाताने तोडून टाका. बेसिल शिजवलं की काळं पडतं आणि त्याचा सुवास उडून जातो. रोपाचे शेंडे फुलं येण्याआधी खुडत राहिलात तर पानं टोमॅटोच्या हंगामभर पुरतात.

टोमॅटोनंतर मिल सगळ्यात जास्त शोभते ती बटाट्याला. ग्रीक स्कोरदालिया म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल आणि आंबट यांत घोटलेला बटाटा; तळलेल्या माशाबरोबर किंवा उकडलेल्या बिटाबरोबर खातात. मिक्सरमध्ये केला तर बटाट्याच्या पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि सगळं चिकट, ताणल्यासारखं होतं. मग त्यावर उपाय नसतो. मिलमध्ये पेशी एकमेकींपासून सुटतात, फुटत नाहीत. पिठूळ जातीचे ५०० ग्रॅम बटाटे सालासकट उकडा, निथळून दोन मिनिटं गरम पातेल्यात कोरडे होऊ द्या आणि गरम असतानाच तुकडे करून मधल्या चकतीतून काढा. साल मिलमध्येच राहते, सोलायची गरज नाही. लसणाच्या चार पाकळ्या मीठ घालून खलात अगदी गुळगुळीत वाटा, त्या बटाट्यात मिसळा, मग १२० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि दोन-तीन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आळीपाळीने घालत लाकडी चमच्याने फेटा. तेल एकदम ओतलं तर ते वर तरंगून वेगळं दिसतं; दोन चमचे गरम पाणी घालून फेटलं की पुन्हा एकत्र येतं.

बाकला, म्हणजे फावा बीन्स, लावणाऱ्यांना मिल फार सुखावह वाटेल. शेंगा जून झाल्या की प्रत्येक दाण्याचं आतलं जाड सालही काढावं लागतं आणि अर्धा किलो दाण्यांना त्यात सहज अर्धा तास जातो. त्याऐवजी दाणे सालासकट पूर्ण मऊ शिजवा आणि बारीक चकतीतून काढा. साल वर राहतं, खाली मऊ हिरवा गर येतो. त्यात चांगल्या ऑलिव्ह तेलाची धार, मीठ आणि बाजूला परतलेली कडवट चिकोरीची पानं, की दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांताचा पदार्थ झाला. तिथे तो बहुधा सोललेल्या वाळलेल्या दाण्यांचा करतात, पण बागेतले जून दाणे असेच सत्कारणी लागतात. ज्यांना जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी मात्र बाकला खाऊ नये.

लाल भोपळी मिरची आणि अक्रोडाच्या मुहम्मारा या सीरियन चटणीसाठी मिल चालते, एका अटीवर. मिरच्या सालासकट मिलमधून काढायच्या असतील तर त्या जाळावर काळ्या करू नका. करपलेल्या सालीचे कण बारीक चकतीतूनही निसटतात आणि गर कडू, ठिपकेदार होतो. अर्ध्या कापून, बिया काढून २२० अंशांवर ओव्हनमध्ये अर्धा तास भाजा. साल सुरकुतली आणि कडा नुसत्या तपकिरी झाल्या की पुरे. जाळाची चव हवीच असेल तर नेहमीसारख्या काळ्या करून हातानेच सोला. चार मोठ्या मिरच्यांच्या गराला १०० ग्रॅम भाजून जाडसर कुटलेले अक्रोड, ४० ग्रॅम पावाचा चुरा, दीड मोठा चमचा डाळिंबाचा आटवलेला रस, एक लहान चमचा जिरेपूड आणि तीन मोठे चमचे तेल. अक्रोड मिलमध्ये घालू नका, ते पात्याखाली नुसते सरकतात.

हुमुस, म्हणजे चण्याच्या मऊ चटणीसाठीही मिलमधून काढलेले चणे सालाविना निघतात, पण ते बोटाने दाबताच पीठ होतील इतके शिजलेले आणि गरम हवेत. पोत थोडा रवाळ राहतो. अगदी मलईसारखा हवा असेल तर मिक्सरच बरा.

मिलला नेऊ नये अशी कामंही स्पष्ट सांगायला हवीत. पेस्तो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, तर नाहीच. पानं पात्याखाली चिरडून काळी पडतात, त्याला खलबत्ता हवा. भाजलेल्या वांग्याचं ग्रीक सॅलड सुरीने चिरूनच करावं, मिलमधून काढलं की त्याचा धागेदार पोत हरवून नुसता लगदा हाती येतो. गास्पाचो या थंड स्पॅनिश सूपला कच्च्या भाज्या बारीक करून त्यात तेल एकजीव करावं लागतं आणि ते वेगवान पात्याशिवाय साधत नाही. मिलचा उपयोग असलाच तर सालीसाठी, पण कच्ची साल तिच्यात सुटत नाही. झुकिनीचा गर मिलमधून काढता येतो, पण तो इतका पाणीदार असतो की खटाटोप वाया जातो.

धुण्याबाबत एकच सक्त नियम: काम संपताच पाण्यात बुडवा. टोमॅटोचा गर भोकांत वाळला की सिमेंटसारखा धरतो. ताठ केसांच्या ब्रशने चकती खालच्या बाजूने वर अशी घासा, म्हणजे अडकलेल्या बिया आल्या वाटेने परत निघतात. सुईने किंवा टाचणीने भोकं कोरू नका; कडा उचलल्या जातात आणि त्यांवर पात्याची धार बिघडते. स्प्रिंग काढून वेगळी पुसा, तिच्या वेटोळ्यांत पाणी राहिलं तर स्टीलच्या मिलमध्येही पहिला गंज तिथेच दिसतो. एक-दोन हंगामांनी दांडा हलका आणि चोथा ओला वाटू लागला तर दोष बहुधा सैल पडलेल्या स्प्रिंगचा असतो, चकतीचा नाही. म्हणून घेतानाच स्प्रिंग आणि बारीक चकती सुटी मिळते का ते विचारा. ज्या बनावटीचे सुटे भाग मिळत नाहीत तिच्यापेक्षा थोडी महाग पण भाग मिळणारी घ्या. बाकी मिलमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.